‘अवतार’ : एका शब्दाचा प्रवास आणि सद्गुणांचा एक संगणकीय खेळ

१/ समाजमाध्यमांवर आपण ज्या लहानशा चित्राआडून बोलतो, त्याला जगभर ‘अवतार’ म्हणतात. आपल्या पुराणांतला हा शब्द संगणकाच्या पडद्यावर कसा पोहोचला, याचा माग काढू लागलो की १९८५ सालच्या एका खेळापाशी थांबावे लागते. त्याचे नाव ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’. या धाग्यांमध्ये आपण एरवी किल्ले, बंदरे आणि लढाया यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय खेळाचा आहे. तरी शेवटी आपण शिवडीच्या किल्ल्यावरच पोहोचणार आहोत.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रकाशित झाला. त्याला कागद, पेन्सिल आणि फासे एवढेच साहित्य लागे. एक जण सूत्रधार होऊन जग उभे करी; बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर अशी पात्रे घेत. कथा सर्वांनी मिळून पुढे न्यायची. येथून ‘रोल-प्लेइंग गेम’ ही परंपरा सुरू झाली.

३/ मराठीत याला फार सुंदर शब्द आहे : सोंग घेणे. कोकणातील दशावतारात नटाच्या हाती लिखित संहिता नसते. आख्यानाचा आराखडा ठाऊक असतो. संवाद मात्र रंगमंचावर, समोरच्याचे बोलणे ऐकून, तिथल्या तिथे रचावे लागतात. कथेचा शेवट ठरलेला, पण त्या शेवटापर्यंत पात्राने कसे वागावे आणि बोलावे हे नटाचे. लालबाग, परळ, शिवडीच्या गिरण्यांत काम करणाऱ्या कोकणी माणसाने ही कला मुंबईत आणली आणि जपली. रोल-प्लेइंग खेळाचे मर्म समजून घ्यायला याहून जवळचे उदाहरण नाही.

४/ आता खेळाच्या कर्त्याकडे येऊ. रिचर्ड गॅरियट याचा जन्म १९६१ चा. वडील ओवेन गॅरियट हे नासाचे अंतराळवीर. १९७३ मध्ये ते ‘स्कायलॅब’ या अवकाशस्थानकात राहून आले होते. टेक्सासमध्ये शाळेत असताना रिचर्ड टेलिटाइप यंत्रावर एकामागून एक खेळ लिहीत असे. १९७९ च्या सुमारास त्याने अ‍ॅपल २ संगणकासाठी ‘अकलाबेथ’ लिहिला. त्याच्या पहिल्या प्रती साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दुकानात टांगल्या होत्या.

५/ त्यानंतर १९८१, १९८२ आणि १९८३ मध्ये ‘अल्टिमा’चे पहिले तीन भाग आले. तिन्हींचा साचा साधारण सारखाच होता : एक महादुष्ट शक्ती जगावर उठली आहे, नायकाने बळ कमवायचे आणि तिचा नाश करायचा. बळ कसे कमवायचे याला मात्र कोणताही विधिनिषेध नव्हता. दुकानातून चोरी करा, निरपराध गावकऱ्याला ठार मारून त्याचे धन घ्या, शेवटी राक्षस मेला की तुम्ही जगाचे तारणहार!

६/ १९८३ मध्ये गॅरियटने भावासह ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि खेळाडूंची पत्रे थेट त्याच्या हाती येऊ लागली. ती वाचताना त्याच्या ध्यानी आले की, लोक त्याच्या जगात सर्रास लूटमार आणि हत्या करून विजयी होत आहेत. त्याच काळात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या खेळांवर ते मुलांना सैतानाच्या नादी लावतात असा ओरडा सुरू होता. आरोप अतिरंजित होता. परंतु ‘आपला खेळ माणसाकडून नेमके काय करवून घेतो’ हा प्रश्न गॅरियटने स्वतःला विचारलाच.

७/ त्याचे उत्तर म्हणजे ‘अल्टिमा ४’. या खेळात मारून टाकण्याजोगा महादुष्ट खलनायकच नाही. राक्षस आहेत, भुयारे आहेत, जादू आहे. पण अंतिम शत्रू कोणीही नाही. ब्रिटानिया नावाच्या राज्यात शांतता आहे. राजाची अपेक्षा एवढीच आहे की, कोणीतरी सद्गुणांनी जगून दाखवावे आणि प्रजेसमोर आदर्श व्हावे. त्या पदाचे नाव ‘अवतार’. हिंदू परंपरेविषयीचा एक दूरचित्रवाणी कार्यक्रम पाहताना आपल्याला हा शब्द गवसल्याचे गॅरियटने पुढे सांगितले आहे.

८/ येथे शब्दाची दिशा उलटली, हे लक्षात घ्या. संस्कृतात ‘अवतार’ म्हणजे खाली उतरणे. देव मनुष्यलोकी उतरतो. गॅरियटच्या खेळात सामान्य माणूस वर चढत जाऊन अवतार होतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा घोटाळाच. परंतु त्यामागचा त्याचा हेतू नेमका होता. पडद्यावरील आकृती म्हणजे कोणी परका नायक नसून तुम्ही स्वतःच आहात, तेव्हा तिच्या कृत्यांची जबाबदारीही तुमची, असे त्याला म्हणायचे होते.

९/ म्हणूनच खेळाचा आरंभ वेगळा आहे. इतर खेळांत तुम्ही फासे टाकून बळ, चपळाई वगैरे ठरवता. येथे एका जिप्सी गाडीत भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडून सात प्रश्न विचारते. प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुणांची टक्कर असते. समजा, स्वामीची आज्ञा न्यायाने पाळायची आहे, पण समोरच्याची दया येते, काय कराल? दोन्ही उत्तरे चांगलीच असतात. आठ सद्गुण दोन-दोन करून समोरासमोर येतात आणि सात फेऱ्यांनंतर एक उरतो. तो तुमचा स्वभाव.

१०/ त्या स्वभावावरून तुमचा व्यवसाय ठरतो. शौर्य निवडणारा लढवय्या होतो, करुणा निवडणारा गायक-शाहीर, प्रामाणिकपणा निवडणारा जादूगार, त्याग निवडणारा कारागीर. आणि नम्रता निवडणारा? तो मेंढपाळ. शस्त्र दुर्बळ, जादू शून्य, आणि आरंभ गर्वामुळे उद्ध्वस्त झालेल्या मॅजिन्सिया नगरीपाशी. सर्वांत नम्र माणसाला सर्वांत खडतर वाट मिळते. आणि खेळ त्याबद्दल कोणतीही भरपाई देत नाही.

११/ आठ सद्गुणांची रचना गणितासारखी चोख आहे. मूळ तत्त्वे तीन : सत्य, प्रेम आणि धैर्य. सत्यातून प्रामाणिकपणा, प्रेमातून करुणा, धैर्यातून शौर्य. सत्य आणि प्रेम मिळून न्याय. प्रेम आणि धैर्य मिळून त्याग. सत्य आणि धैर्य मिळून इमान. तिन्ही एकत्र आली की अध्यात्म. आणि तिन्हींपैकी एकही नसेल तेव्हा? गॅरियटने तिथे प्रथम गर्व पाहिला आणि त्याच्या समोर नम्रतेला बसवले. ही तीन तत्त्वे त्याने ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधील बुजगावणे, टिनचा माणूस आणि भित्रा सिंह यांच्यावरून घेतली होती. पुराणांतला शब्द आणि अमेरिकन बालकथेतले तत्त्वज्ञान, असा हा संकर आहे.

१२/ या खेळाचे खरे मोठेपण मात्र तत्त्वांपेक्षा व्यवहारात दिसते. एकच उदाहरण पाहू. जादूसाठी वनस्पती आणि खनिजे विकणारी दुकानदार आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि नाणी तुम्ही मोजून द्यायची असतात. तुम्ही एकच नाणे ठेवले तरी ती आभार मानते आणि माल देते. शिपाई धावून येत नाहीत, घंटा वाजत नाही, पडद्यावर काहीच उमटत नाही. फक्त आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाचा आकडा घसरतो.

१३/ तो आकडा तुम्हाला कधीही दिसत नाही. सोने किती, अन्न किती, प्राण किती हे सारे पडद्यावर असते. सद्गुणांचा हिशेब मात्र पूर्ण झाकलेला. राजवाड्यातील हॉकविंड नावाचा द्रष्टा विचारल्यावर थोडेसे सूचित करतो, तेवढेच. भिकाऱ्याला दान दिले, दुष्ट नसलेला प्राणी पळू लागला तेव्हा त्याला जाऊ दिले, वैद्याकडे स्वतःचे रक्त दिले, कोणी प्रौढीचा प्रश्न विचारला असता ती मिरवली नाही : सगळ्याची नोंद होते आणि कुठेही गाजावाजा होत नाही.

१४/ आठ सद्गुणांची आठ मंदिरे आहेत. प्रत्येक मंदिरात त्या सद्गुणाचा मंत्र म्हणत ध्यान करावे लागते. त्यांपैकी अध्यात्माच्या मंदिराचा मंत्र आहे ‘ओम’. एकेका गुणात पूर्णत्व मिळाल्यावरही ते कायमचे नसते. एका लबाडीने मिळवलेले पद जाते आणि पुन्हा आरंभापासून झटावे लागते. शिवाय शेवटच्या भुयारात उतरताना आठही व्यवसायांची माणसे सोबत हवीत. तुम्ही कितीही प्रबळ जादूगार असा, त्या दुबळ्या मेंढपाळाला घेतल्यावाचून वाट उघडत नाही.

१५/ येथे महाराष्ट्रातील वाचकाला एक जुना खेळ आठवल्यावाचून राहणार नाही : मोक्षपट. परंपरा त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांना देते. आज आपल्याला दिसणारे पट नंतरच्या काळातले आहेत. कवड्या टाकायच्या आणि घरे ओलांडत मोक्षाकडे जायचे. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप. अनेक जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा सापच अधिक. हाच भारतीय पट इंग्लंडला गेला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे मुलांचा खेळ म्हणून विकला जाऊ लागला आणि नीतीची घरे पुसट होत होत उरली ती केवळ सापशिडी.

१६/ मोक्षपट आणि ‘अल्टिमा ४’ यांचा परस्परांशी संबंध असल्याचा पुरावा नाही आणि तसा दावा करू नये. पण तुलना उद्बोधक आहे. मोक्षपटात कवडी पडेल तिथे जावे लागते; लोभाच्या घरात तुम्ही लोभी असल्यामुळे पोहोचत नाही. तो खेळ दैव आणि कर्म यांचे चित्र दाखवतो. ‘अल्टिमा ४’ फाशांकडून निवड काढून घेतो आणि तुमच्या हाती देतो. एक खेळ सांगतो, दुर्गुणाचे फळ असे असते. दुसरा विचारतो, आता कोणी पाहत नाही, तर तू काय करशील?

१७/ हे सारे ६४ किलोबाइट स्मृतीच्या संगणकावर, दोन फ्लॉपींच्या चार बाजूंमध्ये मावले होते. खोक्यात कापडावर छापलेला नकाशा, धातूचे एक पदक आणि दोन पुस्तिका असत. १९८५ मध्ये हा खेळ आपल्या मुंबईत किती घरांत पोहोचणार? शाळांमध्ये नुकत्याच ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो संगणक येऊ लागले होते, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील हजारो घरे पगाराच्या विवंचनेत होती. आपल्याकडे हा खेळ बहुतेकांना भेटला तो फार उशिरा, इंटरनेटवरून. जुन्या ग्रंथासारखाच तो काळ ओलांडून आला.

१८/ इतिहासाच्या वाचकाने मात्र चौथ्या भागावर थांबू नये, कारण खरी झुंज पुढे आहे. पाचव्या भागात, १९८८ मध्ये, राजा बेपत्ता आहे आणि ब्लॅकथॉर्न नावाचा सरदार राज्य चालवतो आहे. त्याने काय केले? त्याने त्याच आठ सद्गुणांचे कायदे केले. खोटे बोललात तर जीभ छाटली जाईल. उत्पन्नाचा अर्धा भाग दान केला नाही तर उत्पन्नच जप्त होईल. शब्द तेच, आदर्श तेच. पण सक्ती आली आणि सद्गुणांचेच जुलमी राज्य झाले.

१९/ सहाव्या भागात, १९९० मध्ये, गॅरियटने याहून धाडसी पाऊल उचलले. ब्रिटानियावर गार्गॉइल नावाचे पंखधारी, शिंगे असलेले प्राणी चाल करून येतात, मंदिरे बळकावतात. खेळाडू शस्त्र उपसतो. पण जसजशी त्यांची भाषा कळू लागते, तसतसे सत्य उलगडते. चौथ्या भागाच्या शेवटी आपण ज्या परमज्ञानाच्या ग्रंथापर्यंत पोहोचलो होतो, तो त्यांचा पवित्र ग्रंथ होता. आपल्या त्या ‘विजया’नंतर त्यांची भूमी कोसळू लागली. त्यांच्या भविष्यवाणीत ज्याला ‘खोटा प्रेषित’ म्हटले आहे, तो म्हणजे आपण.

२०/ गार्गॉइलांनाही स्वतःची तीन तत्त्वे आणि आठ सद्गुण आहेत. म्हणजे ज्यांना आपण राक्षस समजून मारत होतो, त्यांचीही नीती तितकीच सुसंगत होती. अखेरचा तोडगा लढाईतून येत नाही. तो ग्रंथ कोणाच्याच ताब्यात राहणार नाही, पण दोन्ही समाजांना दुरून वाचता येईल, अशी व्यवस्था करावी लागते. पाच वर्षे स्वतःला आदर्श मानणाऱ्या खेळाडूला हा धक्का होता. त्याने चौथ्या भागात लबाडी केली नव्हती; प्रत्येक नाणे मोजून दिले होते. तरीही त्याच्या यशाची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती.

२१/ आता शिवडीला येऊ. बंदराकडे पाहणारा शिवडीचा लहानसा किल्ला इंग्रजांनी १६८० च्या सुमारास टेहळणीसाठी उभारला. १६८९ च्या आरंभी जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान फौजेसह शिवडीला उतरला, हा किल्ला घेतला, माझगाव घेतले आणि मुंबईच्या मुख्य कोटाला वेढा घातला. इंग्रजी बखरकारांच्या दृष्टीने हे शांत बेटावरचे रानटी आक्रमण होते. शिवडीच्या तटावर उभे राहून हाच मजकूर वाचला की सिद्दी हा सरळसरळ खलनायक ठरतो.

२२/ पण दुसरी बाजू वाचा. सिद्दी हा औरंगजेबाचा आरमारप्रमुख होता. त्याआधी कंपनीचा मुंबईचा अधिकारी सर जॉन चाइल्ड याने मुघल प्रजेची व्यापारी जहाजे पकडली होती; सिद्दीच्या फौजेकडे जाणारे धान्यही अडवले होते. सिद्दीच्या दृष्टीने हे दर्यावर्दी लुटारूंना घडवलेले शासन होते. १६९० मध्ये कंपनीने बादशहाची क्षमा मागितली, दीड लाख रुपयांचा दंड मान्य केला आणि जूनमध्ये वेढा उठला. तोपर्यंत चाइल्ड मरण पावला होता.

२३/ आणि तिसरी बाजू आपली. १६८९ हे मराठी मनाला विसरता न येणारे वर्ष : मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या, त्याच वर्षी रायगडाचा पाडाव. कोकण किनाऱ्यावर सिद्दी हा मराठ्यांचा जुना वैरी. त्यामुळे आपल्या कथेत मुंबईचा वेढा म्हणजे दोन परक्यांचे भांडण ठरते. चौथी बाजू मात्र कोणीच नीट लिहिली नाही. त्या दीड वर्षात शिवडी, परळ, माझगावच्या कोळी, आगरी आणि भंडारी घरांचे काय झाले असेल? त्यांच्या शेतांवरून आणि पडावांवरून फौजा गेल्या, आणि बखर मात्र किल्ल्याची राहिली.

२४/ म्हणून मला हा जुना खेळ इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त वाटतो. चौथा भाग विचारतो : तुझे वर्तन कसे आहे? पाचवा विचारतो : तुझा आदर्श तू दुसऱ्यावर लादतोस का? सहावा विचारतो : तुझ्या विजयाची कथा पराभूतांच्या भाषेत वाचली आहेस का? ज्या वयात आपण इतिहासातून नायक निवडतो आणि त्यांच्या बाजूने तावातावाने भांडतो, त्या वयात हे तिन्ही प्रश्न याच क्रमाने भेटले तर बरे. पहिला सोडून थेट तिसऱ्याकडे गेलो तर सगळेच सारखे वाटू लागतात. पहिल्यावरच थांबलो तर आपण ब्लॅकथॉर्न होतो.

२५/ शब्दाचा पुढचा प्रवास थोडक्यात. ‘अल्टिमा ४’च्याच सुमारास लुकासफिल्मच्या ‘हॅबिटॅट’ या ऑनलाइन जगात खेळाडूच्या आकृतीला ‘अवतार’ म्हटले गेले. १९९२ मध्ये नील स्टीव्हनसनच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीने तो शब्द सर्वदूर नेला. हळूहळू त्यातले व्रत गळून पडले आणि चित्र तेवढे उरले. ज्या खेळात सद्गुणांचा आकडा मुद्दाम झाकला होता, त्या खेळाचा शब्द आज आपल्या नावाशेजारी बसतो आणि त्याच्याखाली पसंतीचे आकडे सर्वांना दिसतात.

२६/ ‘अल्टिमा ४’ आज ‘जीओजी’ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो. चित्रे ओबडधोबड आहेत, संवाद शब्द टंकून करावे लागतात, मंत्र आणि खुणा वहीत लिहून ठेवाव्या लागतात. पहिले दोन दिवस कंटाळा येईल. मग कधीतरी सोने संपत आलेले असेल, राक्षस मागे लागलेले असतील आणि तुम्ही त्या आंधळ्या दुकानदारासमोर उभे असाल. ती किंमत सांगेल. तुम्ही किती नाणी मोजता ते पाहा. आणि कोणाला सांगू नका.